भिंती रंगवून थकलेला ब्रश

माझ्या झिजलेल्या केसांना हसू नका, मित्रांनो. मी एक जुना चपटा ब्रश आहे, नालवाडीच्या कैलास चित्रकाराचा. मला आणलं होतं कॅनव्हाससाठी, आणि लावलं कशाला? भिंतींना! नऊ वर्षं नुसत्या घोषणा. आज अंगणवाडीताईंचा संप, उद्या वनपट्ट्यांचा मोर्चा. विटांवर घासून माझे निम्मे केस गेले आणि हा पठ्ठ्या म्हणायचा, "यंदा चित्र काढतो!" डोंबलाचं चित्र!

यंदा मात्र त्यानं खरंच काढलं. तानाबाईचं. जंगलाला लागून ती दोन एकर कसते, पण ती जमीन नावावर करणाऱ्या पट्ट्याचा अर्ज दोनदा नामंजूर झालाय. त्या वावरात ती उभी आहे, दाराएवढ्या कॅनव्हासवर. नागपूरच्या प्रदर्शनात चित्र निवडलं गेलं. सुमती, त्याची बायको, गल्लीभर सांगत सुटली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू!

पण चित्र पाठवायच्या दिवशीच मोर्चा, आणि हा पठ्ठ्या बॅनर लिहायचं विसरलेला! मोर्चाच्या बाया दारात येऊन उभ्या, त्यात तानाबाईही. कापडाची दुकानं अजून बंद. यानं मला लाल रंगात बुचकळलं आणि थेट चित्रासमोर गेला, घोषणा लिहायला.

"अहो, नऊ वर्षांनी काढलं न तुम्ही!" सुमती रडकुंडीला आली.

"मोर्चाले बॅनर नाई, सुमती."

मी नुसता चरफडत होतो. तेवढ्यात तानाबाईनं त्याचा हात धरला.

"काऊन गा कैलासभाऊ, माह्या तोंडावर लिहून राह्यला? जंगलखात्याचा सायेब म्हणते, ही बाई तिथं कसतच नाई. असंच ने. पाहू दे त्याले."

चौघींनी चित्र उचलून वर्धेच्या मोर्चात नेलं. नागपूरची गाडी रिकामी गेली. पट्टा अजून मिळालेला नाही, पण फेरतपासणीचा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात चित्राचा फोटो आला. सुमतीनं बातमी तीनदा वाचली. कैलासचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? चित्रावर सहीच नव्हती! भिंतीवर लिहिणारा नाव टाकत नाही, पोलीस शोधत येतात. तीच खोड इथेही नडली.

चित्र घरी आल्यावर सुमतीनं मला त्याच्या हातात कोंबलं. "करा सही. माह्यासमोर."

त्यानं मला रंगात बुडवलं. मग खालच्या कोपऱ्यात मला टेकवून त्यानं लिहिलं, 'तानाबाई'.

सुमतीनं कपाळावर हात मारला. मग डोळे पुसले आणि हसायलाच लागली.

काय करावं या माणसाला! मित्रांनो, तुमच्या घरी असा कोणी असेल, तर त्याचे ब्रश तुम्हीच धुऊन ठेवा. त्याच्या भरवशावर राहाल, तर मेलो आम्ही.