सत्तेचाळीस नंबरचा बेल

आमच्या नातीचं, वर्षाराणीचं, बारसं झालं ते साल २०१७. घुगऱ्या वाटून पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेचे मोजणीवाले मळ्यात आले. म्हणून ते साल माझ्या ध्यानात आहे.

मळा मलकापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. वर पठारावर बॉक्साइटची खाण. तिथले डंपर दिवसभर खाली उतरतात आणि वाळत घातलेलं धुणं तांबडं होतं. कोल्हापूरला संपणारी रेल्वे पुढं कोकणातल्या बंदरापर्यंत न्यायची, खाणीचा माल आणि कारखान्यांची साखर मालगाडीनं पाठवायची, असं मोजणीवाले सांगत होते. मला बरं वाटलं. निदान धूळ तरी जाईल.

माझे मालक विरूपाक्ष यांनी सगळ्यांना ताक दिलं. साहेब म्हणाले, जमिनीत जे काही आहे ते दाखवा, म्हणजे सगळं मोबदल्यात धरता येईल. यांनी विहीर दाखवली, गोठा दाखवला, आंबे आणि नारळ दाखवले. बेलापाशी मात्र न थांबता पुढं गेले.

त्या बेलाखाली माझे सासरे आहेत. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. आणि या घराण्याची रीत अशी, की वर चौथरा बांधायचा नाही, दगडसुद्धा ठेवायचा नाही. एक बेल लावायचा. सोमवारी दिवा, सुगीतलं पहिलं सूपभर धान्य त्याच्या बुडाशी, एवढंच. साहेबांच्या माणसानं आंब्यांवर घातला तसा त्या बेलावरही पांढऱ्या रंगानं नंबर घातला. सत्तेचाळीस.

संध्याकाळी मी विचारलं, सांगितलं का नाही?

"गोठा मोजला, हीर मोजली, आता माझा बापबी मोजा म्हणू? अप्पा काय मालमत्ता हाय?"

त्या दिवशी ते बरोबरच वाटलं.

रेल्वे काही आली नाही. आले ते खुणेचे दगड. त्यांच्या आत बांधकाम करायचं नाही, बोअर मारायची नाही. पुन्हा मोजणी झाली, लाईन ओढ्यापलीकडे गेली. आम्ही सुटलो म्हणून यांनी पेढे वाटले. तिसऱ्या मोजणीत ती परत अलीकडे आली, आणि आता आमच्या मळ्यात नुसते रूळ नव्हते. डंपर रिकामे करून माल गाडीत भरायचं यार्ड होतं. म्हणजे सगळा मळाच.

मग यांनी कोल्हापूरच्या हापिसात हेलपाटे घालायला सुरुवात केली. दर वेळी खुर्चीत नवा माणूस. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, की तो बेल म्हणजे नुसता बेल नव्हे. एकजण म्हणाला, समाधी आहे तर चौथरा कुठे आहे, फोटोत झाडच दिसतंय. घराण्याची रीत मोडायची म्हणून यांना रात्रभर झोप लागली नाही, पण शेवटी चौथरा बांधायचं ठरवलं. परवानगी मागायला गेले तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, खूण पडलेल्या जमिनीत बांधकाम चालत नाही. चौथऱ्याशिवाय समाधी नाही, आणि चौथरा बांधायचा नाही. ही गोष्ट घरी येऊन सांगताना यांचा आवाज इतका चढला की गाय दावं तोडायला लागली.

बांधाला बांध असलेला केरबा कट्ट्यावर म्हणायचा, "अण्णा, अप्पांची शीट पक्की झाली म्हणा की. सत्तेचाळीस नंबर, खिडकीजवळ." आधी हे सगळ्यांबरोबर हसायचे. नंतर कट्ट्यावर जायचंच बंद केलं.

मग आजार आला. दोन्ही मूत्रपिंडं गेली. यांना स्वतःचं कळलं होतं आणि एकच गोष्ट हवी होती, अप्पांशेजारी जागा. श्रीशैल, आमचा मुलगा, वाईट नाही, पण तो खाणीवर डंपर चालवतो. यार्डात काय होणार ते त्याला दिसत होतं. तो म्हणाला, आपल्या लोकांना पुरायची गावची रुद्रभूमी आहे, तिथं कुणी हलवणार नाही.

"तितं वाण्याच्या बसाप्पाशेजारी बसू व्हय? तीस वर्सं त्याच्याशी बोललो न्हाय."

"बाबा, थट्टा न्हाय. उद्या मळ्यात जेसीबी येईल."

"यील तवा यील. मला अप्पांच्या डाव्या अंगाला बसवा. न्हेलं तर दोघांना एकदम न्हेऊ द्या."

आम्ही तसंच केलं. भरदिवसा, गावासमोर. कुणाची परवानगी मागितली नाही. वर बेलाचं रोप लावलं.

पुढच्या मार्चात चौथी मोजणी आली. साहेब नवा, पोरगेलासा. त्याच्या माणसानं थोरल्या बेलावरचा नंबर पुन्हा गिरवला आणि धाकट्या रोपापाशी आला. खोड करंगळीएवढं, रंग कुठं लावणार? त्यानं पत्र्याचा बिल्ला तारेनं बांधला. मी गेले आणि तार सोडली.

"साहेब, ह्याच्याखाली माझे सासरे, आन ह्याच्याखाली माझे मालक. झाडं दोन न्हाईत, माणसं दोन हाईत. माणसं म्हणून मोजा."

जे पहिल्या मोजणीला यांना बोलवलं नाही ते मी बोलले. पोरगा भला होता. म्हणाला, आजी, माणसं धरायला या तक्त्यात जागाच नाही. कोण, कधी वारलं ते लिहून द्या, मी वर पाठवतो.

अक्षर मी साठीनंतर शिकले, वर्षाराणीच्या पाटीवर, तिच्याबरोबर. बांधावर बसून लिहिलं. आमच्या घरात गेलेल्याला लिंगैक्य झाले म्हणतात. पण हापिसाला कळावं म्हणून साधं लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. लिहिलं ते एवढंच:

माझे सासरे गुरुपादाप्पा १९८८ साली दिवाळीच्या पाडव्याला वारले. माझे मालक विरूपाक्ष १२ ऑगस्ट २०२४ रोजी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वारले.