अक्षरांचे माथे

डेस ट्रेगॉवन यांनी मला शिकवलेला पहिला नियम असा होता, की संगणकाच्या कीबोर्डवरच्या उभ्या काठ्या, तिरप्या रेघा आणि ठिपके जोडून पडद्याएवढी अक्षरं उभी केली, तरी त्यांच्या पायाशी तेच शब्द एकदा साधे लिहायचे. "घर हवं तेवढं नटव, पोरा, पण दारावर नंबर लाव. पोस्टमन घाईत असतो."

ते बर्नीला, मी होबार्टला. मध्ये जवळजवळ सबंध टास्मानिया. अशा अक्षरांची हौस असलेल्या मूठभर लोकांत आमची ओळख झाली, ती लिहिण्यापुरतीच. एकमेकांचा आवाजही आम्ही ऐकला नव्हता. माझे वडील गेल्यावर ज्याला काही सांगावंसं वाटे असा तो एकच माणूस उरला होता, आणि नेमकं तेवढंच मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

इस्पितळातून त्यांचा ईमेल आला, मुलीने टाइप केलेला: "डॉक्टर हल्ली हवापाण्याच्याच गप्पा मारतात. येशील का? नाही जमलं तर तसं कळव, रागावणार नाही."

नुसतं 'हो' म्हणणं मला फार उघडं वाटलं. सकाळभर बसून मी 'निघालोच आहे' हे शब्द रुंद अक्षरांत बांधले, कडांना सावल्या दिल्या. पायाशी साधी ओळही लिहिली. वाचली, आणि लाजून पुसून टाकली. डेसना साध्या ओळीची काय गरज? बाण सुटावा तसं ते पाठवून मी बस गाठली. माझ्या जुन्या फोनवर ईमेल येत नसे.

वॉर्डाच्या दाराशी त्यांची मुलगी ग्लेनिस उभी होती.

"टोबिन ना तू? मला वाटलं, पांढरी दाढी असेल. बाबा म्हणायचे, पोरगं आजोबांसारखं लिहितं."

"कसे आहेत?"

"गेले रे. आत्ताच, तासाभरापूर्वी." मग माझ्या पिशवीकडे बघत ती म्हणाली, "पण तू तर आलास! मग ते काय पाठवलं होतंस?"

तिने फोन पुढे केला. आम्ही संगणकावर वापरायचो त्या टंकात प्रत्येक चिन्हाला सारखी जागा मिळते. इथे फोनवर बारीक चिन्हं आकसली होती, जाड चिन्हं पसरली होती, आणि न मावलेल्या ओळी तुटून एकमेकींवर पडल्या होत्या. भिंत कोसळल्यावर विटा पडाव्यात तशा.

"मी म्हटलं, फोन बिघडला. तर बाबा खेकसले, 'बिघडलं नाही गं, मोडलंय. चौकटीचा कागद आण.' नर्सने तापाचा कोरा तक्ता दिला. मी एकेक चिन्ह एकेका चौकटीत उतरवत होते, आणि हे पडल्या पडल्या ओरडतायत, 'एक सोडलीस, गाढवे!' इतके खुशीत होते. दोन ओळी झाल्या आणि दमले."

तिने दाखवलेल्या तक्त्यावर अक्षरांचे फक्त माथे होते. तेवढ्यावरून कुणालाच काही वाचता आलं नसतं.

"मग त्यांनी बोटाने त्या ओळींची रुंदी मोजली. म्हणाले, 'हो म्हणायला एवढी जागा लागत नाही, ग्लेन. कारणं दिलीयत पोराने. आणि खाली साधी ओळ नाही बघ. नकार लिहायला लाजला असेल.'" तिने तक्ता माझ्या हातात दिला. "तुला लगेच लिहिलं मी, काय ते सरळ सांग म्हणून. उत्तर नाही. मग म्हणाले, राहू दे, आणि भिंतीकडे तोंड केलं."

मी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून उरलेल्या ओळी भरल्या. त्या मला पाठ होत्या. माथ्यांना खांदे आले, खांद्यांना पाय आले, सावल्या जागच्या जागी बसल्या. ग्लेनिसने ते दोन पावलांवरूनच वाचलं.

"बाई गं," ती म्हणाली.

खाली चौकटींची एक रांग रिकामी उरली होती. साधी ओळ लिहायला मी तिथे पेन्सिल टेकवली, तशी तिने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली.