लाल फूल आणि उलीचा कान

चर्चपुढच्या हिरवळीवर सगळं गाव लोटलं होतं. मधोमध दोरीला बांधलेला काळा कुत्रा उली, आणि त्याच्यासमोर अंगभर खोबरेल चोपडलेला देवऋषी लाउली. दोरी धरली होती म्हाताऱ्या तोएतूने. कुत्रा त्याचा, आणि चावला होता त्याच्याच नातीला. आमच्या बेटावर जो तो कानामागे फूल खोचतो, तसं पोरीने लाडाने उलीलाही जास्वंद खोचलं, आणि त्याने तिचा हात फोडला.

लाउलीचं निदान तयार होतं. कुत्र्यात भुतीण शिरलीय, तिला दुसऱ्याच्या कानावरचं लाल फूल खपत नाही! तिच्या आवडीनिवडी लाउलीला अशा पाठ, जणू रोज एका पंगतीला बसतात.

त्याने पांढरं फूल उलीच्या नाकापुढे धरलं. उलीने हुंगलं, शेपूट हलवली. मग लाल फूल कानामागे दाबून खोचलं. उली किंचाळून त्याच्या मनगटावर झेपावला. बायका पोरं ओढून मागे सरल्या.

"पटलं?" लाउली म्हणाला. "आज कुत्रं, उद्या पोरगी. भुतीण रक्तातून चढते. बोल तोएतू, कुत्रा हवा की नात?"

म्हाताऱ्याने दोरी गावच्या तरण्यांच्या हाती दिली. उली माडांकडे शेपूट हलवत गेला. त्याला वाटलं, मासे धरायला चाललोय.

दुपारी डॉक्टर आनेता पोरीचा हात शिवायला आली. झाला प्रकार ऐकून तिने मेलेला कुत्रा दाखवा म्हटलं. गाव पुन्हा जमलं. तिने उलीचा कान उलटला, तशी घाण सुटली. आत पू, आणि पुवात रुतलेलं गवताचं कुसळ.

"पांढरं फूल कुठं लावलं होतं?"

"नाकापुढे."

"आणि लाल?"

"कानामागे. दाबून."

"पांढरं खोचलं असतं तरी चावला असता. ठणकत्या दाढेवर कुणी बोट दाबलं, तर तुम्ही त्याला ओवाळाल काय?"

पू भुतिणीचाच आहे, असं लाउली पुटपुटला. "मग घे की पुसून, बाबा," मागून कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

आनेता सांगत होती, की कुत्रं दुखतं म्हणून चावतं, भ्यालं म्हणून चावतं, कोंडीत सापडलं म्हणून चावतं. बहुतेकदा आधी गुरगुरून बजावतं.

"माझ्यावर नाही गुरगुरला तो," पोरगी म्हणाली.

तोएतू खाली बसला. "गुरगुरत होता, पोरी. दर वेळी मी त्याच्या थोबाडीत दिली. मग त्याने सांगायचं सोडलं."

भुतीण नव्हतीच. कुसळ होतं. काढायला चिमटा पुरला असता, आणि बघायला डोळे; ते गावात प्रत्येकाला होते. तेव्हा बाबांनो, तुमचं कुत्रं गुरगुरलं तर देवऋषी गाठू नका, हातही उगारू नका. त्याला कुठं दुखतंय ते बघा. उलीचं कुणी बघितलं नाही.