सुखदेवरावांची शेवटची पिशवी

सहा डिसेंबरला रक्त द्यायचं नाही, असं पोटच्या मुलीनं सांगावं, आणि तेही कुणाला, तर सुखदेवरावांना! राजधानीतल्या मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत महापरिनिर्वाण दिनाचं शिबिर भरलं की पहिल्या खाटेवर हाच माणूस आडवा व्हायचा. मूळचे वर्ध्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, रक्तगट ओ निगेटिव्ह. म्हणजे कुणालाही चालणारा आणि सहसा कुणाकडे नसणारा. आपलं रक्त जात न विचारता कुणाच्याही अंगात जातं, हे ते दरवर्षी माइकवरून सांगायचे. अभिमान होताच, आणि का नसावा?

त्यांची मुलगी समता एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आपली सगळी माणसं एकाच दिवशी रक्त देतात आणि मग तीन महिने कुणालाच देता येत नाही. जानेवारीत धुकं पडतं, हायवेवर गाड्या एकमेकींवर आदळतात आणि नेमकी तेव्हा फ्रिजमधली फळी रिकामी असते. म्हणून या वर्षी ओ निगेटिव्हवाल्यांनी थांबायचं, पेढी बोलावेल तेव्हा द्यायचं. सुखदेवरावांचं दुखणं वेगळं होतं. जानेवारीत ते पासष्ट पूर्ण करणार होते आणि त्यानंतर कुठलीच रक्तपेढी त्यांचं रक्त घेणार नव्हती. थांबले आणि बोलावणंच आलं नाही, तर? मग या जन्मातलं देणं संपलं.

तरी थांबले. शिबिरात केळी वाटत उभे राहिले. तब्येत बरी आहे ना, असं जो तो विचारू लागला, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मग सुरू झालं वाट पाहणं. फोन उशाशी, फोन जेवणाच्या ताटाशी. एका सकाळी बाल्कनीतून समोरची बिल्डिंग दिसेना, इतकं दाट धुकं पडलं होतं. ते पाहून सुखदेवरावांना हायसं वाटलं. आज तरी बोलावतील, असं मनात आलं, आणि लगेच आपण काय मागतोय ते कळून त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. चहा तसाच गार झाला.

वाढदिवस दोन दिवसांवर आला तेव्हा समताच म्हणाली, चला बाबा, आज देऊन टाका. तसे ते भडकले. कुणी मागितलेलं नाही, कुणाला गरज नाही, मग देऊन काय उपयोग? फळीवर पडून खराब व्हायला?

"बाबा, मागणारा येतो तेव्हा टाइम नसतो," समता म्हणाली. "आज दिलंत तर महिनाभर टिकेल."

"अहो, तहान लागल्यावर विहीर खणायची हौस पुरे झाली," आतून कमलाबाई म्हणाल्या. संसारभर नवऱ्याला ओळखून असलेली बाई ती! सुखदेवरावांनी मुकाट्यानं मफलर गुंडाळला.

ना माइक, ना फोटो, ना टाळ्या. रक्तपेढीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांनी शेवटची पिशवी दिली, फ्रूटी प्यायले आणि रुसलेल्या पोरासारखे घरी आले.

पुढच्याच आठवड्यात एक्सप्रेसवेवर धुक्यात बस उलटली. टीव्हीवर बातमी दिसताच ते उठले. वय उलटलं होतं, आठवड्यापूर्वीच रक्त दिलं होतं, सगळं ठाऊक होतं, तरी पाय ऐकेनात. निघताना कमलाबाईंनी हातात पोळीचा डबा कोंबला. रक्तपेढीसमोर ही भली मोठी रांग! दारावरच्या माणसानं वय विचारलं आणि अंकलजी, आप घर जाइए, असं नम्रपणे सांगितलं. ते भिंतीशी बाकावर बसून राहिले. इतके निकामी ते निवृत्तीच्या दिवशीही झाले नव्हते.

दुपारी समता बाहेर आली. चेहरा उतरलेला. बाकावर बापाशेजारी टेकली.

"या लोकांचं रक्त तपासून रेडी व्हायला वेळ लागेल, बाबा. सकाळी ड्रायव्हरला आणलं तेव्हा ग्रुप तपासायलाही वेळ नव्हता. फळीवर ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती."

कुणाची, ते तिनं सांगितलं नाही. तसं सांगायचं नसतंच. पण सुखदेवराव समजले, आणि त्यांना आनंद होईना.

"मी वाट पाहत होतो गं," ते म्हणाले. "असं काहीतरी व्हावं म्हणून."

"तुमच्या वाट पाहण्यानं बस नाही उलटली," समता म्हणाली. "वाचेल तो, बहुतेक." बापाचा हात तिनं थोडा वेळ धरून ठेवला आणि ती आत गेली.

सुखदेवरावांनी डोळे पुसले. तेवढ्यात लांबच्या मुनिरक्याहून सुगत धापा टाकत आला. विदर्भातलाच विद्यार्थी, शिबिरात त्यालाही थांबवलं होतं, गट तोच. जय भीम घालून तो थेट रांगेकडे निघाला. सुखदेवरावांनी आत जाऊन समताला विचारलं. दुसऱ्या पेढीतून ओ निगेटिव्हच्या पिशव्या आल्या होत्या, आजची सोय झाली होती. मग बाहेर येऊन त्यांनी सुगतचं मनगट धरलं.

"तू आज नको. या पिशव्या संपत आल्या की समता बोलावेल, तेव्हा ये."

सुगतचं तोंड एवढंसं झालं. सुखदेवरावांना ते तोंड चांगलंच ओळखीचं होतं. त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि आपल्या डब्यातली पोळी पुढे केली.