आधी तेल बघा

“मशीन जुनं झालंय, बाई. आता टाकून द्या, नवीन घ्या.”

आवाज मेकॅनिकचा होता. तो ऐकून त्याची बायको शिंपीणबाईंच्या दुकानाच्या पायरीवरच थबकली. मेकॅनिकला जाऊन वर्ष होत आलं होतं.

“या ना वहिनी,” शिंपीणबाई हातातला फोन दाखवत म्हणाल्या. “हल्ली मशीन बिघडलं की ॲपमध्ये विचारायचं, आपले भाऊजीच उत्तर देतात. अगदी हुबेहूब! आधी दचकलेच मी. मग म्हटलं, तुम्हीच परवानगी दिली असेल.”

“बघते... बघते मी,” एवढंच तिला बोलता आलं. शिवायला आणलेला अभ्रा तसाच मुठीत धरून ती परत फिरली.

तिचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. लिहायचा त्याला भारी कंटाळा. बोलायला बसला तर मात्र एका स्क्रूवर अर्धा दिवस काढील. म्हणून गिऱ्हाइकांना तो ॲपवर बोलूनच निरोप पाठवायचा. सुरुवात ठरलेली: “आधी तेल बघा, मग मशीनला नावं ठेवा.” तो गेल्यावर दुपारी एकटी बसून ती त्याच्या फोनवर हेच निरोप ऐकायची. तेवढा वेळ घर खायला उठत नसे.

एक दिवस निरोप उघडेचनात. अटींचं लांबलचक भेंडोळं समोर आलं आणि खाली बटण, ‘मी वाचलं, मला मान्य आहे.’ तिने एक अक्षरही वाचलं नव्हतं, पण नवऱ्याचं बोलणं त्या बटणापलीकडे अडकलं होतं. तिने अंगठा टेकवला.

त्या भेंडोळ्यातच लिहिलं होतं, की खातेदाराचा आवाज कंपनी हवा तसा वापरील. दुकानातून ती तडक भाचीकडे गेली, तेव्हा भाचीने हे वाचून दाखवलं. भाची वकील. एरवी मावशीची थट्टा केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आज ती हसेना.

“मावशी, मेलेला माणूस कशालाच हो म्हणू शकत नाही. करार झालाच नाही, असं भांडता येईल. पण त्यासाठी तुला कबूल करावं लागेल, काकांच्या नावाने बटण तू दाबलंस.”

“मग?”

“मग ते म्हणतील, तूच त्यांना फसवलंस.”

“पकडून नेतील मला?”

“तसं नाही गं. पण त्रास देतील. आणि भांडायला जायचं कुठे, तर समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी शहरात. तेही त्या अटींतच आहे.”

परतताना रस्त्यातल्या प्रत्येक फोनची तिला धास्ती वाटली. कुणाच्या खिशातून नवरा बोलेल आणि काय बोलेल, याचा नेम नव्हता. ज्याने उभ्या आयुष्यात एक मशीन भंगारात जाऊ दिलं नाही, त्याच्याच तोंडून ही कंपनी लोकांना मशीनं टाकायला लावत होती. ‘हे मी बोललो नाही’ म्हणायला तो उरला नव्हता. उरली होती ती, आणि तिची तर बोबडी वळली होती.

दुकानासमोर शिंपीणबाई मशीन बाहेर ओढत होत्या. भंगारवाला हातगाडी घेऊन उभाच होता.

“टाकू नका,” ती म्हणाली.

“अहो, भाऊजीच म्हणाले ना?”

“ते नाही म्हणाले.” दुकानातली दोन गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. आता जे बोलेल त्याला साक्षीदार होते. “ते गेलेत, बाई. त्यांच्या नावाने ‘मान्य आहे’ मी म्हटलं. मी. कुणी विचारलं तर हेच सांगा. भाचीलाही मी हेच लिहून देणार आहे.”

भंगारवाला गाडी ढकलत पुढे गेला.

दुरुस्तीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तेल कुठे घालतात, एवढंच बघून माहीत होतं. तिने मशीन उजेडाकडे वळवलं.

“आधी तेल बघू,” ती म्हणाली आणि कुपी मागितली. पहिला थेंब नेम चुकून टेबलावरच सांडला.