तिरकी खाच

थोरल्या बहिणीला मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. दुपारी वडील खाटेवर बसून नवी उशी चाचपत होते. शिवणकारखान्याच्या मुकादमानं ती आदल्या दिवशी घरी पाठवली होती. "मास्तरांच्या मानेला आराम पडू दे," असा निरोप होता.

"कातर दे," ते आईला म्हणाले.

"नव्या उशीला कातर कशाला?"

"दे म्हटलं ना."

वडील त्या कारखान्यात कापड बेतायचे. पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवायचा, कडेनं कातर फिरवायची आणि कुठला तुकडा कुठं जोडायचा ते शिवणाऱ्याला कळावं म्हणून काठाला खाच मारायची. इतरांची खाच सरळ असे, वडिलांची तिरकी. त्यांची नजर गेली होती, पण कारखान्यात कोणाला पत्ता नाही अशी त्यांची समजूत होती. आई फाटकापर्यंत सोडायची; पुढची वाट पायांना पाठ होती. संध्याकाळी येऊन सांगायचे, "मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, मास्तर, अशी बेतणी आता कुणाला जमत नाही. सगळे गप्प." आई ऐकायची आणि भाजी चिरत राहायची.

उशी उसवली, तर आत कापूस नव्हता, चिंध्या होत्या. वडिलांनी एकेक मांडीवर पसरून काठावरून बोट फिरवलं. बाही. पाठ. पुन्हा बाही. कॉलर. प्रत्येकीला तिरकी खाच; त्यांनी बेतलेलं शिवायला गेलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. "मीच गेले होते मुकादमाकडे. म्हटलं, त्यांना दिसत नाही, पण घरी बसवू नका, खचतील. तो म्हणाला, वहिनी, काळजी सोडा. मी तुमच्याशी खोटं नाही बोलले. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

"म्हणजे सगळे गप्प नव्हते. हसू दाबत होते."

"मी झाकलं हो. त्यानं खेळ मांडला. दोन्ही एकच का?"

"ज्याला फसवलं त्याला विचार की." वडील चिंध्या सारख्या करत होते. "खोटं बोलली असतीस तर परवडलं असतं. खोटं बोलणारा निदान समोरच्याला भितो तरी. तू तेवढंही मानलं नाहीस. रडक्या पोराला खुळखुळा द्यावा तशी कातर दिलीत माझ्या हातात."

वडिलांनी चाचपून तुकडे निवडले आणि तिच्यापुढे सरकवले.

"शीव. सदरा होतो की नाही बघू."

आई हातानं शिवायला बसली. मी सुईत दोरा ओवून देत होते. बेतताना साचा हाताखाली सरकला असणार. डावी बाही चांगली चार बोटं आखूड भरली, कॉलर गळ्याशी मिळेना. वडिलांनी सदरा अंगात घातला आणि उभे राहिले.

"कसा झालाय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "अगदी अंगाबरोबर. जराही इकडेतिकडे नाही."

वडिलांनी बाहीच्या टोकापासून मनगटापर्यंत बोट नेलं, परत आणलं. "मग झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून ते कामावर निघाले. आईनं अडवलं नाही. मीही बरोबर होते. ते आत गेले आणि फाटकापर्यंत हसू ऐकू आलं. त्या दिवशी कोणी ते दाबलं नाही. मग मुकादमाचा आवाज आला, "मास्तर, उरलेली बाही उशीतच राहिली काय?"

थोड्या वेळानं वडील बाहेर आले. हातात त्यांची स्वतःची कातर होती.

"चल," ते आईला म्हणाले. वळणावर थांबून त्यांनी विचारलं, "अंगाबरोबर आहे ना?"

"आहे," आई म्हणाली.

ते पुन्हा कामावर गेले नाहीत. बहिणीची मुलगी चालायला लागली त्या महिन्यात वडील वारले. अंगात तोच सदरा होता. पुढं काही वर्षांनी आई गेली. मुकादम सगळ्यांच्या मागून, चांगला म्हातारा होऊन, झोपेत गेला.