शेजारची सीट

"लाल झालाय हं," आई म्हणाली. "डावीकडून सायकल येतेय. येऊ दे तिला... हं, गेली. झाला हिरवा."

मागच्या सीटवर लेकीने कपाळाला हात लावला. "आई, किती गं ती कटकट! जन्मभर शाळेची बस चालवलेल्या माणसाला तू सिग्नल शिकवणार?"

"सवय गं," आई म्हणाली. गाडी चालवता चालवता बाबा नुसतेच हसले.

आईची ही कटकट म्हणजे घरातला चेष्टेचा विषय. या गाडीत रेडिओ कशाला हवा, असं लेक नेहमी म्हणायची. ती परगावी असायची. या खेपेला आली आणि बाबांचं लायसन्स सहज हातात घेतलं, तर मुदत केव्हाच संपलेली! "जाऊ गं, पळून जातंय का आरटीओ ऑफिस?" असं म्हणत बाबांनी दोन दिवस ढकलले. आज तिने त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. तरीही गाडीची किल्ली सोडायला ते तयार नव्हते. अख्खं गाव त्यांना बसकाका म्हणायचं. त्यांच्या गाडीला कधी साधा ओरखडा आला नव्हता. स्टिअरिंग हातातून गेलं, तर या माणसाचं उरणार काय?

ऑफिसात आधी डोळ्यांची तपासणी होती. बाबा रेघेवर उभे राहिले, मायलेकी मागच्या बाकावर बसल्या. भिंतीवरच्या तक्त्याकडे छडी रोखून कारकून म्हणाला, "ही ओळ वाचा, काका."

बाबा गप्प. कारकुनाने वरच्या, मोठ्या अक्षरांवर छडी नेली. तरीही बाबा गप्पच.

"ट," मागून आईचा आवाज आला. "मग फ. त्याच्या पुढे ल..."

"अहो काकू, परीक्षा काकांची आहे!" कारकून म्हणाला आणि रांगेत खसखस पिकली. आईने चटकन तोंडावर पदर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लेक बाकावरून ताडकन उठली. म्हणजे ती कटकट नव्हतीच!

"राहू द्या, साहेब," बाबा शांतपणे म्हणाले. "दोन वर्षं झाली, समोरचं सगळं धुरकट दिसतं. रस्ता हीच बघते, मी फक्त स्टिअरिंग फिरवतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही? जीव गेला असता तुमचा! दुसऱ्या कुणाचा गेला असता!" लेक ओरडलीच.

"मला तरी कुठे सांगितलं यांनी?" आई म्हणाली. "एकदा ब्रेक उशिरा लागला. दुसऱ्या दिवसापासून मी बोलायला लागले. यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

लेक दोघांकडे बघतच राहिली. राग होता, भीती होती. जन्मापासून या दोघांना ती ओळखत होती, आणि आज त्यांना पहिल्यांदा बघत होती.

बाबांनी लायसन्स टेबलावर ठेवलं. मग खिशातून किल्ली काढून लेकीच्या हातात दिली.

परतताना बाबा लेकीच्या शेजारी बसले, आई मागे. चौक आला.

"लाल झालाय," आई म्हणाली.

"दिसतंय गं मला," असं लेक म्हणणार होती. तेवढ्यात तिला आरशात दिसलं. आई पुढे वाकली होती आणि तिचा हात बाबांच्या खांद्यावर होता.

"शाळा सुटलीय," आई सांगत होती. "पोरं रस्ता ओलांडतायत. एक मागे राहिलंय... हं, पोचलं."

बाबांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेवर, ब्रेकवर असावा तसा, घट्ट दाबलेला होता.

"हिरवा," आई म्हणाली, आणि तो पाय हळूच उचलला गेला.